बर्मिंगहॅम सुधारतंय, मग लोक उपनगरात का चाललेत?

प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही दोघं बर्मिंगहॅमच्या सिटी सेंटरला लागून असलेल्या ज्वेलरी क्वार्टरमध्ये दोन बेडरूमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहता. तुमची नोकरी क्वीन एलिझाबेथ हॉस्पिटलमध्ये, मिस्टरांचं ऑफिस सिटी सेंटरमधल्या कोलमोर रोवर. मुलगी पुढच्या सप्टेंबरला रिसेप्शनमध्ये, म्हणजे प्राथमिक शाळेच्या अगदी पहिल्या वर्षात जाईल. बजेट साडेतीन लाख पौंडांच्या आत. पुण्यात मिस्टरांच्या नावावर एक फ्लॅट आहे. एजंट म्हणतो, लंडनहून एचएसटू ही नवी जलद रेल्वे येतेय, सिटी सेंटरला लागून असलेल्या डिगबेथच्या बाजूला नवा फ्लॅट घेऊन टाका, किंमत वाढणारच. ओळखीची मंडळी मात्र एकेक करून बोर्नव्हिल, किंग्ज नॉर्टन, सटन कोल्डफील्ड या उपनगरांत चालली आहेत. तुम्ही विचारलंय की सिटी सेंटर इतकं सुधारत असताना लोक तिथून बाहेर का पडतात, आणि आपण त्यांच्या मागे जावं की थांबावं.

मी वेस्ट मिडलँड्समध्ये, म्हणजे बर्मिंगहॅमच्या परिसरात, घरांची पाहणी करणारा चार्टर्ड सर्व्हेअर आहे. घर विकत घेण्याआधी लोक मला बोलावतात, मी छपरापासून पायापर्यंत घर बघतो आणि रिपोर्ट देतो. त्यामुळे माझं उत्तर घराच्या भिंतींकडून शहराकडे जाणारं आहे. काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत: व्हिसाची मुदत किती उरली आहे, डिपॉझिट किती भरता येईल, दुसरं मूल होऊ द्यायचं आहे का, आईवडील येऊन सहा-सहा महिने राहणार आहेत का. ते तुम्हालाच ठाऊक. कर्ज देणाऱ्यांचे व्हिसाबाबतचे नियमही एकसारखे नसतात, तेव्हा ब्रोकरशी बोलल्याशिवाय बजेट पक्कं धरू नका.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेत, ते आधी सुटे करू. शहर खरंच सुधारतंय का, हा पहिला. त्याचं उत्तर निःसंशय हो आहे. त्या सुधारणेचा लाभ कुठे राहून जास्त मिळतो, हा दुसरा, आणि तुमचा निर्णय त्यावर आहे. नवा फ्लॅट विकणारा माणूस हे दोन्ही एकच असल्यासारखं बोलतो. ते एक नाहीत.

पहिल्याबद्दल थोडं सांगतो, कारण उपनगरांचं आकर्षण त्यातूनच आलं आहे. १९७१ मध्ये बर्मिंगहॅमचा इनर रिंग रोड पुरा झाला. मोटारगाड्या बनवणाऱ्या शहराने स्वतःला मोटारीच्या मापाने कापून घेतलं होतं. मध्यवर्ती भागाभोवती वाहत्या रस्त्याचं कडं पडलं आणि पायी चालणाऱ्याला भुयारी मार्गांतून जावं लागू लागलं. ऑफिस सुटलं की माणसं निघून जात. पुढे कारखाने बसत गेले, नोकऱ्या गेल्या. मग १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून महापालिकेने हे कडं तोडायला घेतलं. १९९१ मध्ये इंटरनॅशनल कन्व्हेन्शन सेंटर आलं, त्यामागे ब्रिंडलीप्लेस आणि कालव्याचे स्वच्छ झालेले काठ. २००३ मध्ये नवं बुलरिंग शॉपिंग सेंटर, २०१३ मध्ये नवं ग्रंथालय, २०१५ मध्ये न्यू स्ट्रीट स्टेशनचं नवं रूप. ट्राम १९९९ मध्ये वुल्व्हरहॅम्प्टनहून स्नो हिलपर्यंतच येत होती, ती २०१९ मध्ये ग्रंथालयापाशी आणि २०२२ मध्ये एजबास्टन व्हिलेजपर्यंत पोचली. हे सगळं बांधून झालेलं आहे आणि रोज वापरात आहे.

आता मुद्द्याचं. मध्यवर्ती भाग ओसाड होता तेव्हा उपनगर म्हणजे फक्त झोपायची जागा होती, कारण गाडीच्या दुसऱ्या टोकाला ऑफिसाखेरीज काही नव्हतं. आज त्याच टोकाला नोकऱ्या, सिंफनी हॉल, बाजार, ग्रंथालय, कालव्याकाठची फेरी हे सगळं आहे. म्हणजे मध्य सुधारला की मध्यातल्या फ्लॅटची किंमत वाढते हे जसं खरं, तसंच मध्यापर्यंत वीस मिनिटांत नेणाऱ्या प्रत्येक स्टेशनाची किंमत वाढते हेही खरं. आणि बर्मिंगहॅमकडे असा एक मार्ग आधीपासून आहे: क्रॉस-सिटी लाइन. १९७८ मध्ये सुरू झाली, १९९० च्या दशकात विजेवर आली. उत्तरेला अर्डिंग्टन, वाइल्ड ग्रीन, सटन कोल्डफील्ड. दक्षिणेला युनिव्हर्सिटी, सेली ओक, बोर्नव्हिल, किंग्ज नॉर्टन, नॉर्थफील्ड, लाँगब्रिज. युनिव्हर्सिटी स्टेशन म्हणजेच तुमच्या हॉस्पिटलचं स्टेशन. दक्षिणेकडच्या कुठल्याही स्टेशनाजवळ घर घेतलंत तर तुम्ही मधेच उतराल आणि मिस्टर पुढे न्यू स्ट्रीटला. दोघांचा प्रवास एकाच गाडीत बसतो. असा योग फार थोड्या जोडप्यांच्या वाट्याला येतो, तो वाया घालवू नका.

लोक बाहेर पडण्याचं दुसरं कारण त्याहून साधं आहे. गेल्या पंचवीस वर्षांत सिटी सेंटरमध्ये जे बांधलं गेलं ते जवळजवळ सगळे फ्लॅट आहेत, आणि त्यातले बहुतेक एक किंवा दोन बेडरूमचे. नोकरीला लागलेल्या पंचविशीतल्या माणसाला ते उत्तम. तोच माणूस पस्तिशीला पोचतो, मूल होतं, सायकल, प्रॅम आणि कपड्यांचा पसारा वाढतो, आणि त्याला तिसरी खोली व मागे थोडं अंगण लागतं. ते सिटी सेंटरमध्ये मिळतच नाही. मग तो त्याच रेल्वेमार्गावर चार स्टेशनं पुढे सरकतो. २०२० नंतर आठवड्यातले दोन-तीन दिवस घरून काम करणं रूढ झालं आणि या सरकण्याला जोर आला, कारण आता तिसरी खोली ऑफिस म्हणूनही लागते. त्यातून उपनगरांचे हाय स्ट्रीट दिवसाही गजबजू लागले. तुमच्या ओळखीची मंडळी शहराकडे पाठ फिरवून चाललेली नाहीत. सिटी सेंटरने त्यांना या शहरात आणलं, आणि उपनगर त्यांना इथे टिकवून ठेवतंय. या दोन्ही हालचाली मिळून शहर उभं राहतं असं मी मानतो. बाहेर गेलेल्यांना मध्य सोडून पळालेले समजणं चूक आहे.

आता फ्लॅटबद्दल. मी फ्लॅटविरोधी नाही, पण मूल असलेल्या कुटुंबाने पहिलंच घर म्हणून सिटी सेंटरमधला नवा फ्लॅट घ्यावा असं मी सहसा सुचवत नाही, आणि त्याची कारणं कागदात आहेत. इंग्लंडमधला फ्लॅट जवळपास नेहमी लीजहोल्ड असतो. इमारत दुसऱ्याची, तुमच्याकडे ठरावीक वर्षांचा हक्क. ३० जून २०२२ पासूनच्या बहुतेक नव्या लीजवर ग्राउंड रेंट, म्हणजे मूळ मालकाला द्यायचं जमिनीचं भाडं, आकारता येत नाही, ही चांगली गोष्ट. पण सर्व्हिस चार्ज राहतोच आणि तो दरवर्षी किती वाढेल हे तुमच्या हातात नसतं. लिफ्ट, रिसेप्शन, विमा, जिना, छप्पर, सगळं त्यातून भागतं. शिवाय २०१७ मध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला लागलेल्या आगीनंतर उंच इमारतींच्या बाहेरच्या आवरणाचा प्रश्न आला. इमारतीकडे ईडब्ल्यूएस-वन फॉर्म, म्हणजे बाहेरच्या भिंती आगीच्या दृष्टीने तपासल्याचा दाखला, नसेल तर काही बँका कर्ज देत नाहीत, म्हणजे उद्या विकायचं म्हटलं तर गिऱ्हाईकच अडतं. २०२२ च्या बिल्डिंग सेफ्टी अ‍ॅक्टने ११ मीटरपेक्षा उंच इमारतींतल्या बऱ्याच भाडेपट्टाधारकांना अशा दुरुस्तीच्या खर्चापासून संरक्षण दिलं आहे, तरी कागद हातात असणं वेगळं आणि आश्वासन वेगळं. फ्लॅटच घ्यायचा ठरवलात तर सॉलिसिटरकडून तीन वर्षांचे सर्व्हिस चार्जचे हिशेब, राखीव निधीत किती शिल्लक आहे, आणि येत्या काळात कुठलं मोठं काम काढणार आहेत, एवढं मागवा. राखीव निधी रिकामा आणि लिफ्ट जुनी, असं दिसलं की मी तिथेच थांबायला सांगतो.

आणि एचएसटू. कर्झन स्ट्रीटचं स्टेशन उभं राहतंय, ते मूर स्ट्रीट स्टेशनाच्या शेजारीच आहे, आणि डिगबेथचा चेहरा त्याने बदलणार यात शंका नाही. पण तारखा बघा. लंडन ते बर्मिंगहॅम मार्गाच्या कायद्याला २०१७ मध्ये मंजुरी मिळाली तेव्हा गाड्या २०२६ ला धावतील असं सांगितलं जात होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये बर्मिंगहॅमच्या पुढचा मँचेस्टरचा टप्पा रद्द झाला. जून २०२५ मध्ये सरकारने संसदेत सांगितलं की २०३३ चं उद्दिष्टही गाठता येणार नाही. तुमची मुलगी तोवर प्राथमिक शाळा संपवून पुढे गेलेली असेल. ज्या स्टेशनावर आज गाडी थांबत नाही त्याचे पैसे आज मोजायचे नाहीत, हा माझा पक्का नियम आहे. दक्षिणेकडच्या कँप हिल रेल्वेमार्गाचंही उदाहरण घ्या. मोझली आणि किंग्ज हीथची प्रवासी स्टेशनं १९४१ मध्ये बंद झाली. ती पुन्हा उघडण्याची घोषणा झाली आणि तारीख एकामागून एक पुढे सरकत राहिली. दरम्यान घरांच्या जाहिरातींत मात्र 'नव्या स्टेशनाजवळ' हे शब्द केव्हाच आले होते. भविष्यातली सोय मिळाली तर आनंदच, पण तिच्यावाचूनही ज्या घरात सुखाने राहता येईल तेच घ्या.

म्हणजे इथवरचं असं: शहर सुधारतंय, त्याचा लाभ रेल्वेने उपनगरात पोचतो, आणि तुमच्यासारख्या कुटुंबाला लागणारं घर उपनगरातच बांधलेलं आहे. आता कुठलं उपनगर.

बोर्नव्हिलपासून सुरू करतो, कारण सगळे तिथूनच सुरू करतात. कॅडबरी बंधूंनी १८७९ मध्ये चॉकलेटचा कारखाना शहराच्या धुरातून उचलून इथे आणला. जॉर्ज कॅडबरींनी नंतर भोवतालची जमीन घेऊन घरं बांधायला सुरुवात केली आणि १९०० मध्ये ती बोर्नव्हिल व्हिलेज ट्रस्टच्या हवाली केली. प्रत्येक घराला बाग, रुंद रस्ते, मैदानं. सव्वाशे वर्षांनीही ते जाणवतं. पण एक गोष्ट लक्षात ठेवा: ट्रस्टच्या इस्टेटमध्ये घराच्या बाहेरच्या बदलांना ट्रस्टची परवानगी लागते, खिडक्या बदलणं आणि मागे खोली वाढवणं यालासुद्धा. पुढे एक्स्टेन्शन करायचा बेत असेल तर आधी त्यांचे नियम वाचा. मला स्वतःला हे बंधन योग्य वाटतं, कारण त्या रस्त्यांचं रूप त्याच शिस्तीमुळे टिकलंय. मात्र ज्याला ती शिस्त नको त्याने तिथे घर घेऊन ट्रस्टशी भांडत बसू नये.

बोर्नव्हिल स्टेशनाच्या दुसऱ्या बाजूला स्टर्चली आहे. पर्शोर रोडच्या दोन्ही अंगांना कामगारांसाठी बांधलेल्या लाल विटांच्या चाळवजा घरांच्या रांगा. बरीच वर्षं इथे दुकानं बंद पडत होती. आज तिथे बेकऱ्या, लहान खाद्यगृहं, कामगारांनी मिळून चालवलेले व्यवसाय आहेत, आणि स्टेशन बोर्नव्हिलचंच. घराचा भाव मात्र अजून बोर्नव्हिलच्या खाली असतो. तुमच्या बजेटला आणि दोघांच्या प्रवासाला हा भाग चांगला बसतो. सावध राहायचं ते दोन गोष्टींसाठी. एक म्हणजे पाणी. रे नदी (Rea) इथून वाहते, तिला बोर्न नावाचा ओढा मिळतो, आणि मे २०१८ च्या मुसळधार पावसात जवळच्या सेली पार्कच्या घरांत पाणी शिरलं होतं. सरकारच्या पूर नकाशावर पोस्टकोड घालून नदीचा आणि पावसाच्या साचणाऱ्या पाण्याचा असे दोन्ही नकाशे बघा. लोक पहिलाच बघतात. आणि दुसरी गोष्ट, शेजारची घरं. सेली ओकला युनिव्हर्सिटी लागून असल्याने विद्यार्थ्यांना खोलीखोलीने भाड्याने दिलेली घरं पुष्कळ आहेत, त्यांना इथे एचएमओ म्हणतात. जून २०२० पासून बर्मिंगहॅममध्ये साध्या घराचं लहान एचएमओ करायलाही प्लॅनिंगची परवानगी लागते. तरी आधी झालेली आहेतच. विद्यार्थी शेजारी म्हणून वाईट असतात असं मी म्हणत नाही. पण रस्त्यातली निम्मी घरं दर जुलैला रिकामी होत असतील तर मुलीला खेळायला सोबत मिळणार नाही, याचा विचार करा.

किंग्ज नॉर्टन आणि नॉर्थफील्डला घरांची जात बदलते. इथे दोन महायुद्धांमधल्या काळातली जोडघरं, म्हणजे सेमी-डिटॅच्ड, जास्त आहेत: पुढे गोलाकार खिडकी, बाजूने गाडी आत नेण्याइतकी जागा, मागे लांब बाग. स्टेशन चालत पंधरा मिनिटांवर असेल तर रोजच्या आयुष्याच्या दृष्टीने ही घरं फार चांगली. अजून पुढे लाँगब्रिज. २००५ मध्ये एमजी रोव्हर बुडाली आणि तिथला गाड्यांचा कारखाना बंद पडला, हजारो लोकांचा रोजगार गेला. त्या जमिनीवर आता कॉलेज, दुकानं आणि नवी घरं आहेत. नवं घर म्हणजे ऊब जास्त आणि दुरुस्ती कमी, हे खरं. मात्र नव्या वसाहतींत घर फ्रीहोल्ड, म्हणजे जमिनीसकट पूर्ण मालकीचं, असूनही रस्ते आणि हिरवळीच्या देखभालीसाठी वार्षिक आकार द्यावा लागतो का ते विचारून घ्या.

सटन कोल्डफील्डबद्दल थोडक्यात सांगतो. सुंदर आहे, चोवीसशे एकरांचं सटन पार्क दाराशी आहे, प्रवेशपरीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या सरकारी ग्रामर शाळा आहेत, पण तुमचं हॉस्पिटल शहराच्या दुसऱ्या टोकाला पडेल आणि त्याच पैशात घर लहान मिळेल. त्याआधीचं अर्डिंग्टन स्वस्त आहे. हार्बोर्न तुमच्या हॉस्पिटलच्या जवळ, पण तिथे प्रवासी रेल्वे नाही आणि भाव चढे. सॉलिहल वेगळी महापालिका आहे, तिथून गाड्या मूर स्ट्रीट आणि स्नो हिलला जातात. मिस्टरांना सोयीचं, तुम्हाला नाही.

महापालिकेचा विषय निघालाच आहे. बर्मिंगहॅम सिटी कौन्सिलने सप्टेंबर २०२३ मध्ये कलम ११४ ची नोटीस काढली, म्हणजे जमाखर्चाचा मेळ बसत नाही हे अधिकृतपणे कबूल केलं. त्यानंतर कौन्सिल टॅक्स, म्हणजे इथली घरपट्टी, २०२४ मध्ये ९.९९ टक्के आणि २०२५ मध्ये ७.४९ टक्के वाढला. मार्च २०२५ पासून कचरा उचलणाऱ्यांचा बेमुदत संप झाला. हे मी घाबरवायला लिहीत नाही. या शहरात राहायचं तर ग्रंथालयं, बागा आणि युवा केंद्रं कशी टिकतील याची काळजी आपल्यालाही असायला हवी, आणि स्टर्चली-बोर्नव्हिलसारख्या भागांत रहिवाशांचे गट ते काम मनापासून करतात. घर घेण्यापूर्वी अशा एखाद्या गटाच्या बैठकीला जाऊन बसा. एजंटकडून कधी मिळणार नाही अशी माहिती तिथे मिळते.

आता घराच्या आत येऊ, कारण उपनगराच्या आकर्षणात माणसं घराकडे बघायचं विसरतात. पंधरा-वीस मिनिटांच्या भेटीत सगळे किचन आणि बाथरूम बघतात. तुम्ही स्टर्चलीच्या १९०० च्या आसपासच्या घरात गेलात तर आधी पुढच्या भिंतीपाशी खाली वाका. जमिनीपासून थोड्या उंचीवर विटांच्या थरात ओल अडवणारा एक पट्टा असतो, स्लेटचा किंवा काळ्या रंगाचा. त्याच्या खाली निदान १५० मिलिमीटर मोकळी भिंत दिसायला हवी. पुष्कळ ठिकाणी कुणीतरी गाडीसाठी पेव्हिंग घालताना जमीन वर आणलेली असते आणि तो पट्टा बुजलेला असतो. त्याच थरात छिद्रांच्या विटा असतात, लाकडी जमिनीखाली हवा खेळावी म्हणून. त्याही बुजल्या की आतल्या वाशांची भिंतीत गेलेली टोकं कुजतात. पुढच्या खोलीत खिडकीजवळ टाच आपटून बघा. जमीन उसळली किंवा पोकळ वाजली तर मला किंवा माझ्यासारख्याला नीट उघडून बघू द्या. ओल दिसली की भिंतीत रसायन टोचायचा सल्ला देणारे भेटतील. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा दोष फुटलेल्या पन्हळीत किंवा वर आलेल्या जमिनीत असतो, आणि तो दुरुस्त केला की भिंत हळूहळू वाळते.

मग स्वयंपाकघरात जा. मागच्या भिंतीला जुनी चूल असायची, तिचा धूर वर नेणारा विटांचा खांब भिंतीतून पुढे आलेला असतो. जागा मोकळी करायला बऱ्याच जणांनी तो खालच्या मजल्यावर काढून टाकलेला असतो. आता वरच्या बेडरूममध्ये जा आणि त्याच जागी बघा. तिथे खांब अजून आहे का? असेल तर त्या विटांचं वजन, त्यावरचं माळ्यातलं वजन आणि छपरावरचं धुराडं हे सगळं कशावर टेकलंय, हा प्रश्न आहे. त्याला खाली पोलादी तुळई हवी आणि कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलचं पूर्णत्वाचं प्रमाणपत्र हवं. विक्रेता म्हणतो, "आम्ही घेतलं तेव्हा असंच होतं." तेवढ्यावर घर घेऊ नका. कागद मागा, नसेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. हे दुरुस्त होण्यासारखं काम आहे, फक्त त्याचा खर्च भाव ठरवण्याआधी कळला पाहिजे.

किंग्ज नॉर्टनच्या १९३० च्या जोडघरात बघायच्या गोष्टी वेगळ्या. रस्त्याच्या पलीकडे उभं राहून छपराची वरची कड बघा. मूळच्या मातीच्या कौलांच्या जागी जड काँक्रीटची कौलं घातली आणि खालचा सांगाडा तसाच ठेवला, की कड मधोमध खाली झुकते. बाजूच्या भिंतीत विटांच्या सांध्यात ठरावीक अंतराने आडव्या चिरा दिसल्या तर दुहेरी भिंत बांधून ठेवणाऱ्या आतल्या लोखंडी पट्ट्या गंजल्याची शक्यता असते. छताला खरबरीत नक्षीचा गिलावा असेल तर तो खरवडू नका. २००० पूर्वीच्या अशा गिलाव्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. न छेडता ठेवलं तर सहसा धोका नसतो, मुलीची खोली रंगवायच्या उत्साहात सँडपेपर लावला तर असतो.

बँकेचं व्हॅल्युएशन म्हणजे पाहणी नव्हे, ते बँकेच्या पैशाची खात्री करण्यासाठी असतं. शंभर वर्षं जुन्या किंवा बदल केलेल्या घराला आरआयसीएसची (सर्व्हेअरांच्या संस्थेची) लेव्हल थ्री, म्हणजे सगळ्यात सविस्तर, पाहणी करून घ्या, तीसचाळीस वर्षांच्या साध्या घराला लेव्हल टू पुरते.

तुमच्या बजेटवर सगळ्यात मोठा परिणाम करणारी गोष्ट मात्र पुण्यातला फ्लॅट आहे, आणि तिचा उल्लेख तुम्ही जाताजाता केलात. १ एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनी इंग्लंडमध्ये ३,३०,००० पौंडांच्या घरावर साधी स्टँप ड्यूटी ६,५०० पौंड होते. दोघांनीही आयुष्यात कधी घर घेतलेलं नसेल तर सवलतीने ती १,५०० पौंडांवर येते. पण ही सवलत जगात कुठेही घर मालकीचं असलं किंवा पूर्वी असलं तरी मिळत नाही, आणि घर दोघांनी मिळून घेताना एकाचं असलं तरी दोघांचीही जाते. त्याहून जड बाब पुढे आहे. खरेदीच्या दिवशी तुमच्यापैकी कुणाच्या नावावर जगात कुठेही ४०,००० पौंड किंवा त्याहून जास्त किमतीचं दुसरं घर असेल, तर संपूर्ण किमतीवर ५ टक्के अधिभार लागतो. म्हणजे आणखी १६,५०० पौंड, एकूण २३,०००. घर फक्त तुमच्या नावावर घेतलं तरी विवाहित जोडपं एकच धरलं जातं, तेव्हा ती वाट बंद आहे. वारसाने आलेल्या हिश्श्याला काही वेगळे नियम आहेत. पुण्यातला फ्लॅट विकायचा, ठेवायचा की कुटुंबात द्यायचा, हे इथल्या टॅक्सच्या जाणकाराला आणि तिथल्या सीएला दोघांनाही विचारून, ऑफर देण्याच्या आधी ठरवा. ऑफर मान्य झाल्यावर हे कळलं तर डिपॉझिटचा मोठा वाटा करात जातो आणि मनासारखं घर हातातून निसटतं.

राहिली शाळा. प्राथमिक शाळेचा अर्ज १५ जानेवारीपर्यंत करायचा असतो आणि निकाल १६ एप्रिलला लागतो. बहुतेक सरकारी शाळांत भावंडं आणि इतर प्राधान्यांनंतर घर ते शाळा अंतरावर जागा ठरतात, आणि ते शेवटचं अंतर दरवर्षी बदलतं. एजंटने 'अमुक शाळेच्या हद्दीत' म्हटलं तर कौन्सिलच्या संकेतस्थळावर गेल्या काही वर्षांची अंतरं स्वतः बघा. इंग्लंडमध्ये ऑफर मान्य झाल्यापासून किल्ली हातात येईपर्यंत तीन ते सहा महिने सहज जातात, आणि तुमचा पुण्याचा प्रश्न अजून सुटायचा आहे. म्हणून तुमच्या जागी मी असतो तर घाईने ऑफर दिली नसती. ज्वेलरी क्वार्टरचं भाडं संपवून शरद ऋतूतच स्टर्चली किंवा किंग्ज नॉर्टनला स्टेशनाजवळ वर्षाच्या कराराने घर भाड्याने घेतलं असतं, खरोखर तिथे राहून त्या पत्त्यावरून शाळेचा अर्ज केला असता. नुसता पत्ता दाखवायला घेतलेलं घर कौन्सिलच्या लक्षात आलं तर मिळालेली जागा काढून घेतली जाते, तेव्हा तसलं काही करू नका. त्या वर्षात सकाळी साडेसातची गाडी किती भरते, पर्शोर रोडचा आवाज कुठल्या गल्लीपर्यंत येतो, मुलगी कुठल्या बागेत रमते हे कळेल. पुढच्या वसंतात शाळा ठरलेली असेल, पुण्याच्या फ्लॅटचं काय ते झालेलं असेल, आणि घर बघायला तुम्ही त्याच रस्त्यांवरून चालत जाल. तेव्हा एखादं पसंत पडलं की जाहिरात इथे टाका, फोटोंत जे दिसतं त्यावरून काय काय विचारायचं ते मी लिहीन.